पाटीवरचे नाव



या सदराकडे येणारी पत्रे बहुतेक घरातली असतात. मुलाचे अभ्यासात लक्ष नाही, सासू-सुनेचे पटत नाही, निवृत्तीनंतर मालक दिवसभर चिडचिड करतात, असे प्रश्न. या वेळी एका भगिनीने वेगळाच प्रश्न पाठवला आहे. ती समुपदेशक आहे. मानसशास्त्रात एम. ए. केले, काही वर्षे शाळेत नोकरी केली आणि आता तासाच्या भाड्याने एक खोली घेऊन स्वतःचे काम सुरू केले आहे. भाची तिला सांगते, "मावशी, पाटी वाचून कोण येतंय? इन्स्टाग्रामवर ये, रील टाक, स्वतःचा ब्रँड कर." भगिनी लिहिते, "जाहिरात केली नाही तर खोलीचे भाडे निघत नाही. केली तर लोक मला दुकानदार समजतील. शिवाय कॅमेऱ्यासमोर जी बोलते ती मी नसतेच. खरेपणा राखून नाव करता येते का?"

प्रश्न एकीचा असला तरी तो आता पुष्कळांचा आहे. आपल्या वस्त्यांतून मुले-मुली मानसशास्त्र, समाजकार्य शिकून बाहेर पडू लागली आहेत. त्यांना वडिलांचा चालता दवाखाना वारशाने मिळालेला नाही. पेशंट पाठवणारे ओळखीचे डॉक्टर नाहीत, मोक्याच्या जागी गाळा नाही. अशांनी मोबाईलवर आपली पाटी लावू नये असे म्हणणे म्हणजे त्यांनी घरी बसावे असे म्हणणे होय. तेव्हा पाटी लावावी की नाही हा वाद नाही. पाटीवर काय लिहावे आणि काय कधीच लिहू नये, हा खरा प्रश्न आहे.

ब्रँड या शब्दाबद्दल थोडे सांगतो. इंग्रजीत त्याचा एक जुना अर्थ जनावराच्या अंगावर तापल्या लोखंडाने दिलेला डाग. हे गुरू अमक्याचे, हे कळावे म्हणून दिलेला. आपल्याकडे त्यापेक्षा चांगला शब्द आहे, नाव. नाव कमवावे लागते, राखावे लागते आणि चुकले तर लोक नावे ठेवतात. असो.

प्रथम हे पाहू की ही पाटी वाचणारा कोण आहे. आपल्या घरांतून आजही "मला समुपदेशकाकडे जायचे आहे" असे उघड म्हणता येत नाही. "वेड लागलंय का?" असा प्रश्न लगेच येतो. म्हणून घरातले झोपल्यावर, मोबाईलचा उजेड कमी करून, एखादी सून किंवा कॉलेजचा मुलगा शोधू लागतो. त्याला आपले फॉलोअर किती आहेत याच्याशी काही देणेघेणे नसते. मी सांगितलेले बाहेर जाईल का? पैसे किती लागतील? मराठीत बोलता येईल का? ही बाई मला हसेल का? एवढेच त्याला हवे असते. आश्चर्य असे की अनेक समुपदेशकांच्या पानांवर उगवत्या सूर्याची चित्रे भरपूर असतात, पण या चारांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नसते.

आता पदवीकडे वळू. इथे आपल्याकडे मोठा गोंधळ आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट हा वैद्यकीय डॉक्टर असतो व तो औषधे देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याप्रमाणे परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असावे लागते. नोंदणीवाचून असा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा त्या कायद्यात आहेत. समुपदेशक या शब्दावर मात्र वर्षानुवर्षे असे कुंपण नव्हते. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या केंद्रीय कायद्याने मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांनाही आपल्या यादीत घेतले. पण दोन दिवसांचे शिबिर करून "माइंड कोच" झालेल्यांची पाने आणि सहा वर्षे शिकलेल्या मुलीचे पान मोबाईलवर शेजारी शेजारी दिसते. आणि पहिले बहुधा जास्त चकचकीत असते.

म्हणून माझे मत असे की खरेपणाची पहिली ओळ पदवीची असावी. कोणत्या विषयात, कोणत्या विद्यापीठातून, कोणत्या साली; नोंदणी असेल तर तिचा क्रमांक, नसेल तर तसे. "मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाही, औषधे देत नाही, गरज वाटल्यास डॉक्टरांकडे पाठवते" ही ओळ लिहायला पुष्कळांना कमीपणा वाटतो. वास्तविक वाचणाऱ्याचा विश्वास तिथेच बसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक मंत्रालयानेही आरोग्याविषयी बोलणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रमाणित तज्ज्ञांनी आपली पात्रता सांगावी आणि इतरांनी आपले बोलणे तज्ज्ञाच्या सल्ल्याला पर्याय नाही हे स्पष्ट करावे, असे त्यांत आहे. आपली मुले पहिल्या पिढीची पदवी मिळवून येतात. ती पदवी घरच्या भिंतीवर चौकटीत लावतात आणि मोबाईलच्या पानावर मात्र लिहीत नाहीत, याचे मला नवल वाटते.

आता फीविषयी. २००२ ची डॉक्टरांची आचारसंहिता पाहिली तर तिने पेशंट गोळा करण्यासाठी जाहिरात करण्यास मनाई केली, पण व्यवसाय सुरू केल्याची, पत्ता बदलल्याची, काही दिवस गैरहजर असल्याची, पुन्हा रुजू झाल्याची आणि आपल्या फीची जाहीर सूचना देण्यास मोकळीक ठेवली. जुन्या वर्तमानपत्रांतील डॉक्टरांच्या छोट्या चौकटी आठवून पाहा. ही संहिता समुपदेशकाला लागू नाही, पण तिच्यातला शहाणपणा घेण्यासारखा आहे. फी लिहावी. "मेसेज करून विचारा" असे लिहिले की गरीब माणूस विचारीतच नाही, कारण आकडा ऐकून नाही म्हणण्याची त्याला लाज वाटते. कमी फीच्या काही वेळा राखून ठेवल्या असतील तर त्याही लिहाव्यात. आपण फुकट करतो असे मात्र उगीच लिहू नये. भाडे तर द्यायचेच असते.

यानंतर भगिनीच्या मुख्य शंकेकडे येतो. कॅमेऱ्यासमोर मी मी नसते, मग खरेपणा कुठे राहिला? हा वाद मोबाईलच्या फार आधीचा आहे. १९१२ साली फ्रॉइडने डॉक्टरांना सल्ला दिला की उपचार करणाऱ्याने आरशासारखे असावे, पेशंटला त्याचेच प्रतिबिंब दिसावे, डॉक्टरचे खासगी आयुष्य दिसू नये. पुढे १९५७ साली अमेरिकेच्या कार्ल रॉजर्स यांनी आपल्या गाजलेल्या निबंधात नेमका दुसरा मुद्दा मांडला. माणसात बदल घडायचा असेल तर ऐकणारा आतून एक आणि बाहेरून एक असा असता कामा नये. हे वाचून अनेकांना वाटते की खरेपणा म्हणजे स्वतःचे सगळे सांगून टाकणे. रॉजर्सनी तसे म्हटलेले नाही. स्वतःच्या भावना बोलून दाखवणे हा उद्देश नाही, समोरच्याची आपल्याविषयी फसवणूक होऊ नये हा आहे, असे त्यांनी त्याच निबंधात स्पष्ट केले आहे.

हा फरक फार मोलाचा आहे. कॅमेऱ्यासमोर थोडे अवघडणे म्हणजे खोटेपणा नव्हे. शाळेत भाषण करतानाही आपण घरच्यासारखे बोलत नाही. खोटेपणा कधी होतो? आपल्याला जे येत नाही ते येते असे भासवल्यावर. म्हणून हजारांना उद्देशून बोलू नये, खोलीत समोर बसलेल्या एकाशी बोलावे तसे बोलावे. पहिल्या भेटीत काय होते, नवरा यायला तयार नसेल तर एकटीने यावे का, निकालाच्या दिवशी घरच्यांनी मुलाशी कसे वागावे, असे साधे विषय घ्यावेत. गुप्ततेला मर्यादा कुठे पडतात हेही आधीच सांगावे. जिवाला धोका असेल तेव्हा, आणि बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर, कारण २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. दिवा, संगीत, पार्श्वभूमी यांबद्दल मला फारसे सांगायचे नाही. खिडकीकडे तोंड करून बसले की चेहरा दिसतो.

स्वतःच्या दुःखाचे काय? "मीही नैराश्यातून गेले आहे" असे सांगणारे समुपदेशक आज पुष्कळ दिसतात. जखम भरून आली असेल आणि सांगण्याने ऐकणाऱ्याचे भले होणार असेल तर सांगावे. पण चालू दुखणे मोबाईलवर मांडले की दुसऱ्या दिवशी समोर बसलेली बाई म्हणते, "मॅडम, तुम्हालाच एवढा त्रास, मी माझे काय सांगू?" जिला ऐकून घ्यायचे ती काळजी करू लागते. पैसे तिने दिले आणि सांभाळायचेही तिनेच, हे बरोबर नाही.

सर्वांत मोठा धोका मात्र यापुढचा आहे. रील करायला रोज काहीतरी हवे असते. रोज काय आणायचे? मग हळूच सुरू होते, "काल माझ्याकडे एक क्लायंट आली होती..." नाव सांगितलेले नसते, गाव बदललेले असते. पण आपले समाज लहान असतात. "बत्तीस वर्षांची शिक्षिका, दोन मुली, सासरे अंथरुणाला खिळलेले" एवढे म्हटले की वस्तीतली निम्मी माणसे बोट दाखवतील. समजा, कोणीच ओळखले नाही, तरी ती स्वतः ओळखते. जी गोष्ट तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारली ती तिला मोबाईलवर दिसते, खाली तीनशे लोकांनी बदाम टाकलेले असतात. ती पुन्हा कोणाकडेही जाणार नाही. आणि तिच्या मैत्रिणीला कधी गरज पडली तर तिलाही जाऊ देणार नाही.

या बाबतीत कायदाही बोलतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या २३ व्या कलमाने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गुप्ततेचा हक्क दिला आणि तिच्यावर उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर माहिती गुप्त ठेवण्याचे कर्तव्य टाकले. २४ व्या कलमाने मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीवाचून माध्यमांना देण्यास बंदी घातली, आणि संगणकीय स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही हीच गुप्तता लावली. आता आपली भाड्याची खोली या व्याख्येत बसते की नाही याचा कीस वकिलांनी काढावा. समुपदेशकाने काढू नये.

"पण तिने संमती दिली होती," असे काहीजण म्हणतात. ज्या बाईने आपले मन तुमच्यापुढे उघडे केले ती तुम्हाला नाही कशी म्हणणार? अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या आचारसंहितेत उपचार चालू असलेल्या व्यक्तीकडे शिफारसपत्र मागण्यास मनाई आहे, ती याच कारणासाठी. आपल्याकडे भेट संपली की "मॅडम, गुगलवर पाच तारे द्या ना" असे सर्रास म्हटले जाते. हॉटेलवाल्याने म्हणावे, समुपदेशकाने म्हणू नये. कोणी रागाने वाईट शेरा लिहिला तरी उत्तर देताना शंभरदा विचार करावा. "तुम्ही दुसऱ्या भेटीला आला नाहीत म्हणून गुण आला नाही" असे लिहिले की ती व्यक्ती आपल्याकडे येत होती हे आपणच जगाला सांगितले. खोटा आरोप गिळून गप्प बसणे फार कठीण असते हे मी जाणतो. तरीही गप्प बसावे.

फोनचाही एक धोका आहे, तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. २०१६ साली अमेरिकेतील पत्रकार कश्मीर हिल यांनी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंची हकीगत नाव बदलून प्रसिद्ध केली. त्यांच्या पेशंटांना फेसबुक एकमेकांची नावे सुचवू लागले होते, "या व्यक्तीला तुम्ही ओळखत असाल" म्हणून. एकाच डॉक्टरकडे जाणारी अनोळखी माणसे अशी एकमेकांपुढे आली. म्हणून कामाचा नंबर वेगळा, शक्यतो फोनही वेगळा ठेवावा आणि अ‍ॅपला संपर्कयादी वाचू देऊ नये. घरच्या बारशाचे फोटो ज्या नंबरच्या स्टेटसवर जातात त्याच नंबरवर क्लायंट नसावेत. क्लायंटला आपणहून फॉलो करू नये. त्याने आपल्याला केले तर हरकत नाही, पण त्याचे पान उघडून तो काल कुठे फिरायला गेला होता ते पाहू नये.

आता जरा नाजूक गोष्ट. पाटीवर आडनाव लिहावे का? महाराष्ट्रात आडनाव वाचले की पुढचा मनातल्या मनात जात शोधतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून आपली काही मुले नुसते पहिले नाव लिहितात. त्यांना मी भित्री म्हणणार नाही, कारण खोलीचे भाडे त्यांना द्यायचे आहे, मला नाही. परंतु पदवीवर व नोंदणीवर जे नाव आहे ते पानावर नसेल तर पडताळून पाहणाऱ्याला ते सापडत नाही आणि नको तिथे शंका उभी राहते. शिवाय दुसरी बाजू पाहा. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादेत रोहित वेमुलाने आणि मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आयुष्य संपवले. त्यानंतर शिक्षणसंस्थांतील जातीचा जाच आणि मनाचे आरोग्य यांवर उघड बोलले जाऊ लागले. वसतिगृहात टोमणे खाणारा मुलगा समुपदेशक शोधतो तेव्हा त्याला भीती असते की आपण हे सांगितल्यावर समोरचा म्हणेल, "तू फार मनाला लावून घेतोस." त्याला एखादे ओळखीचे आडनाव दिसले तर अर्धी भीती जाते.

अर्थात हे उलटही होते. आपल्याच माणसाकडे नको, तो मामांना ओळखत असेल, म्हणून मुद्दाम परक्याकडे जाणारेही असतात. आणि जात एक म्हणून दुःख समजतेच असेही नाही. माझे मत असे की आपण काय ऐकून घेऊ शकतो त्या यादीत परीक्षेचा ताण, दारू, लग्नातले प्रश्न यांच्या बरोबरीने "जातीवरून होणारा अपमान" ही ओळ सरळ लिहावी. ही ओळ कोणत्याही आडनावाच्या समुपदेशकाला लिहिता येते. फक्त तो विषय खरोखर वाचलेला, समजून घेतलेला असावा. यादीत आहे म्हणून कोणी विश्वासाने आला आणि आपण गडबडलो, असे होता कामा नये.

लवकर नाव होण्याचा एक सोपा मार्ग आहे, तोही सांगून ठेवतो. "ही सात लक्षणे असतील तर तुम्हाला अमुक आजार आहे", "तुमचा नवरा नार्सिसिस्ट आहे का?" अशी रील झपाट्याने पसरतात. २०२२ साली कॅनडाच्या मानसोपचार नियतकालिकात एक अभ्यास आला. टिकटॉकवर एडीएचडी या विकाराविषयी सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या शंभर व्हिडिओंपैकी बावन्न दिशाभूल करणारे निघाले आणि त्यांतील बहुतेक आरोग्यक्षेत्राबाहेरच्या लोकांनी टाकलेले होते. टिकटॉक आपल्याकडे जून २०२० पासून बंद आहे, पण तीच तऱ्हा इतरत्र चालू आहे. शिकलेल्या माणसानेही त्याच रांगेत उभे राहायचे ठरवले तर फॉलोअर वाढतील. पण येणारी माणसे आधीच आजाराचे नाव घेऊन येतील आणि पहिल्या तीन भेटी ते नाव पुसण्यात जातील. उलट उदाहरणही आपल्या जवळ आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांची ठाण्यातील आय. पी. एच. ही संस्था १९९० पासून काम करीत आहे. आज तिचे मराठी व्हिडिओ घरोघरी पाहिले जातात, पण कॅमेरा आला तेव्हा मागे कित्येक वर्षांचे काम उभे होते. एकट्या मुलीला एवढे थांबता येणार नाही, हे खरे. तिने शाळेच्या पालकसभेत, महिला मंडळात, ग्रंथालयात जाऊन बोलावे आणि तिथे लोकांनी जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरे मोबाईलवर द्यावीत. प्रश्न सर्वांचे असतात, ते कोणाच्या खोलीतून चोरावे लागत नाहीत.

राहिली एक गोष्ट. पान उघडे असले की मध्यरात्रीही मेसेज येतो. "मला जगायचे नाही" असाही येतो. आपण झोपलेले असतो आणि एकट्या माणसाने चोवीस तास जागे राहणे शक्य नाही. म्हणून पानावर मेसेज कोणत्या वेळात पाहिले जातात ते लिहावे, आणि बंद वेळेत आपोआप जाणारे उत्तर लावून ठेवावे. त्यात केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक द्यावा. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, क्रमांक १४४१६, फोनला पैसे पडत नाहीत, रात्रंदिवस चालू असते व मराठीतही बोलता येते. हा क्रमांक पानाच्या अगदी वरच्या ओळीत ठेवावा, आपल्या पदवीच्याही वर, म्हणजे ज्याला तो हवा आहे त्याला बोटाने खाली सरकवत बसावे लागणार नाही.